सगळे बाण झेबाकडे

रोडपाली, १० मार्च

झेबा मुकादम यांस,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या, मुश्ताकभाईंच्या पत्त्यावर म्हसळ्याला पाठवते आहे. कुरियरवाल्याला सांगितलंय, सही घेऊनच द्या. म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

मी माफी मागायला लिहीत नाही. कामाचं आहे. 'खाडीकाठ मसाले'मध्ये आपण दोघी निम्म्या-निम्म्या भागीदार. भर मसाल्याच्या दिवसांत त्यातली एक वजनकाट्यावर किल्ल्या ठेवून माहेरी निघून जाते, याला काय म्हणायचं? वाशीच्या मिरचीवाल्याचा फोन आला होता. मी ब्याडगीचा भाव विचारला तर म्हणाला, "झेबा मॅडमना द्या ना जरा." म्हटलं, मॅडम नाहीत, काय असेल ते माझ्याशी बोला. "बरं, त्या आल्या की सांगा," म्हणून त्याने ठेवून दिला. इतकी वर्षं तू त्याच्याशी बोलतेस तेव्हा मी शेजारीच बसलेली असते. त्याला माझं नावसुद्धा माहीत नाही.

पनवेलचा आपला गाळा चालू आहे. सकाळच्या पाळीला हुस्नबानो आणि तुझ्या मोहल्ल्यातल्या बाकीच्या येतात, मान खाली घालून जवळा निवडतात आणि जातात. दुपारच्या पाळीला माझी चुलत नणंद गोदू आणि आमच्या रोडपालीच्या कोळणी. कोणी कोणाशी भांडत नाही. तू म्हणाली होतीस तसं काही आभाळ कोसळलेलं नाही.

गाळ्याच्या पाटीवरचं तुझं नाव कोणी खरवडलं, मला माहीत नाही. तू गेलीस त्या दिवशी सकाळी मी आले तेव्हाच ते खरवडलेलं होतं. तो मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय, 'मसाला कोळणीचा, मलई दुसऱ्यांची', तोही मी लिहिलेला नाही. उदयसिंह आला होता हे खरं आहे. भूमिपुत्रांची नवीन संघटना काढल्यापासून तो सगळ्यांकडेच जातो. मी त्याला चहा दिला. दारात आलेल्या माणसाला चहा देतो आपण.

परवान्याच्या कागदावर तुझी सही लागते. कागद सोबत ठेवला आहे, तो घेऊन इथे ये, माझ्यासमोर सही कर, आणि मग हवं तर परत जा.

आई बरी आहे. तू विचारशील म्हणून सांगितलं.

किशोरी कोळी


रोडपाली, १८ मार्च

झेबा,

सही करून कागद परत पाठवलास. सोबत एक ओळ नाही.

हुस्नबानोशी मात्र तू फोनवर बोलतेस. तिला म्हणालीस म्हणे, "किशोरीला एकाएकी काय झालं तेच मला कळत नाही." एकाएकी? ठीक आहे, मग सांगते. तुला दिसलं नसेल, कारण उजेड तुझ्यावर होता.

दिवाळीनंतर कोमल आली. मुंबईच्या कुठल्याशा व्यवस्थापन संस्थेत पीएचडी करणारी, खांद्याला कापडी पिशवी, बोलायला गोड. विषय सांगितला, 'वांशिकता, नेतृत्व आणि संघर्ष'. मी विचारलं, वांशिकता म्हणजे काय गं? ती म्हणाली, तुम्ही कोळी, झेबाताई कोकणी मुसलमान. अशा वेगळ्या समाजाच्या माणसांनी एकत्र धंदा केला तर पुढारपण कोणाकडे जातं, भांडणं कशावरून होतात, ती मिटवतं कोण, याचा अभ्यास. त्यावर गोदू म्हणाली, "भांडना पायजेत तर कवा पन या, रोज हायेत." सगळ्या हसल्या. तू तिला टाळी दिलीस.

मीच तिला हौसेने गाळा दाखवला. मसाला माझ्या आईचा, हे सांगितलं. मिरची कधी भाजायची, डंकावर कुटताना नाकाला फडकं कसं बांधायचं, सुकटीतली रेती कशी पाखडायची, सगळं मी दाखवलं. मला वाटलं, ही माझंच लिहिणार. आणि माझी मुलाखत घेतली तेव्हा तिने काय विचारलं माहीत आहे? मसाल्यात किती प्रकारच्या मिरच्या घालता, आणि लग्नानंतर काम करायला घरून विरोध झाला का. तुझी मुलाखत मात्र लांबत गेली. गाळ्यावर झाली, मग तुझ्या घरी झाली, मग परत गाळ्यावर. तुझ्या घरी ती जेवली. मी तिला पापलेट आणून ठेवलं होतं, तर म्हणाली, "नको किशोरीताई, आज फक्त चहा."

तू म्हणशील, पापलेटावरून कोणी भागीदारी मोडतं का? नाही मोडत. ऐक पुढे.

जानेवारीच्या शेवटी तिने आपल्याला सगळ्यांना बसवलं आणि भिंतीवर तो मोठा कागद लावला. बाईगणिक एक वर्तुळ. निळी वर्तुळं आम्हा कोळणींची, पिवळी तुमची. नावं नव्हती, पण नावांची गरज कोणाला होती? प्रत्येकीला तिने एकच प्रश्न विचारला होता, अडचण आली तर आधी कोणाकडे जाता? जिचं नाव सांगितलं तिच्याकडे बाण. आणि सगळे बाण एका पिवळ्या वर्तुळाकडे. निळ्यांतून, पिवळ्यांतून, सगळीकडून. गोदूचासुद्धा. माझी नणंद, माझ्या सासरची, मी कामाला लावलेली.

माझ्याकडे एकच बाण आला होता, तोही पिवळ्यातून. मला वाटलं, कोणीतरी दया केली.

कोमल बोलत होती. इथे दोन समाज असूनही संघर्ष जवळजवळ नाही, याचं कारण इथलं नेतृत्व. बायका तुझ्याकडे बघून हसल्या. तू मान खाली घातलीस. तुला लाज वाटली होती हे मला कळलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मान ताठ ठेवली असतीस तर तुला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग मला तुझा बाण दिसला. तो आपल्यापैकी कोणाकडेच नव्हता. कागदाच्या पार कडेला एक छोटं निळं वर्तुळ होतं, तिकडे गेलेला. मी विचारलं, ही कोण? कोमल म्हणाली, नाव सांगता येत नाही. तूच सहज म्हणालीस, "तुझी आई गं."

माझी आई. उरणजवळ कारंजाला राहणारी, मला आठवड्यातून एकदा फोन केला तर "ठेव, भात करपतोय" म्हणणारी माझी आई.

आता कळलं एकाएकी काय झालं ते?

किशोरी


रोडपाली, २५ मार्च

झेबा,

ईद झाली. हुस्नबानो शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली, दुपारच्या पाळीला मुद्दाम थांबून तिने गोदूला, सगळ्यांना वाटीवाटी दिला. मला देताना म्हणाली, "झेबाआपाने सांगितलंय, सगळ्यांना द्यायचं. किशोरीताईंना पण." त्या 'पण'मुळे मी खाणार नव्हते. खाल्ला. चारोळी जास्त होती.

बाकीच्या गेल्यावर ती रेंगाळली. म्हणाली, "ताई, त्या कागदावर तुमच्याकडे आलेला बाण माझा होता."

मी विचारलं, "माझं नाव का सांगितलंस?"

"माझ्या मुलीला शाळेत घेत नव्हते तेव्हा तुम्ही येऊन भांडलात ना. आपा समजावतात, तुम्ही भांडता. तिथे भांडणारंच माणूस लागत होतं."

"मग पाळ्या वेगळ्या केल्या तेव्हा माझ्याशी भांडली का नाहीस?"

ती जरा वेळ डब्याचं झाकण लावत राहिली. मग म्हणाली, "भांडायला मी तुम्हाला नेते, ताई. तुमच्याशी भांडायला कोणाला नेऊ?"

 तिला मी पाळ्यांचं खरं सांगू शकले नाही. तुला सांगते.

रोजे सुरू होणार होते. मी म्हणाले, तुमच्या बायका पहाटेच्या उठलेल्या असतात, त्यांनी सकाळी यावं आणि ऊन चढायच्या आत घरी जावं, आमच्या दुपारी येतील. ऐकायला किती चांगलं होतं! तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि विचारलंस, "ईदनंतर परत एक करशील?" मी म्हणाले, बघू. तेव्हाच तुला कळलं होतं. "हे ठीक नाही, किशोरी. बायका वाटून घेतेस तू," असं तू म्हणालीस आणि मी तुझ्यावर ओरडले, की दर वेळी तुलाच सगळं बरं कळतं.

रोजे-बिजे काही नव्हतं मनात. मला माझ्या बायका हव्या होत्या. तू समोर नसताना माझ्याकडे बघणाऱ्या. दुपारभर गोदू मला विचारायची, ताई हे कसं करू, ताई ते कसं करू, आणि मला बरं वाटायचं.

पण दोन पाळ्या झाल्या आणि गाळ्यात 'त्या' नावाची माणसं तयार झाली. त्यांनी पाण्याचं पिंप रिकामं ठेवलं. त्यांनी सुपं धुतली नाहीत. त्यांनी पंखा चालूच ठेवला. आधीही पिंप रिकामं राहायचं, पण तेव्हा 'गोदूने ठेवलं' असं म्हणायचे. तांदळाच्या भाकऱ्या तुमच्या-आमच्या सारख्याच, डबे एकत्र उघडायचे तेव्हा कोणाची कुठली कळायचंही नाही. आता कालवणांतलं तिखलं कोणाचं आणि सालन कोणाचं, यावर बायका बोलायला लागल्या.

उदयसिंह आला तो तेव्हा. "वहिनी, तुमचा धंदा त्यांनी बळकावला असं ऐकतो." मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. कपातली साखर ढवळत बसले. त्याला काय समजायचं ते त्याने समजून घेतलं, आणि मी समजू दिलं.

तू गेल्यावर कोमल परत आली होती. चेहरा उतरलेला होता बिचारीचा. तिने विचारलं, "हा वाद दोन समाजांमधला आहे, असं म्हणाल का?" मी हो म्हणाले. सोपं होतं. तिला संघर्ष हवा होता, तो मी पुरवला.

पाळ्या अजून एक केलेल्या नाहीत. मला वेळ दे.

किशोरी


रोडपाली, ७ एप्रिल

झेबा,

आज तुला जळवायला लिहिते आहे.

उदयसिंह कळंबोलीला मोठा गाळा मिळवून देतोय. 'कोळीण मसाले' नाव. फक्त आपल्या समाजाच्या बायका, आणि अध्यक्ष मी. रविवारी हॉलमध्ये सभा आहे. रोडपालीच्या नाक्यावर माझा फोटो लागलाय, माणसाहून मोठा. खाली लिहिलंय 'कोळी समाजाची रणरागिणी'. माझ्या नाकात नथ नव्हती, त्यांनी कॉम्प्युटरवर घातली. भाजीवाल्याने मला कोथिंबीर फुकट दिली. शैलेश, माझा नवरा, कंटेनर घेऊन बंदरावर जाताना नाक्यावर थांबून फोटो काढून आला. आता बोल.

आईला स्टेजवर बसायचं सांगायला कारंजाला गेले होते. ती अंगणात बोंबील उलटे-पालटे करत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तू स्टेजवर बसनार. मंग मिरची कोन आननार? भाव कोन करनार?"

"मी."

"तुला भाव करता येतो? तू भांडतंस."

मी म्हटलं, "आई, झेबा तुला फोन करते?"

"करतं ना. सकालीच केला व्हता."

"माझ्याबद्दल काय म्हणते?"

"तुजा नाव काढत नाय. मी काढला तर गप बसतं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू तिची आई की माझी?" लहान पोरीसारखा आवाज निघाला माझा. शेजारची काकू कुंपणावरून बघायला लागली.

आई उठली, हात झटकले, माझ्यासमोर येऊन बसली. "तुजी हाय म्हनून तर तुला शिव्या देतंय. तिला कवा दिल्या मी? परक्याच्या पोरीशी गोडच बोलतान."

"मग ती तुझ्याकडे कशाला येते? तुला काय विचारते ती एवढं?"

"एकच इचारतं. आय, किशोरी रागावलंय, आता काय करू? बाकी धंद्याचा तिना मना कदी काय इचारला नाय. मना काय कलतो धंदा?"

 झेबा, तू हे मला कधी सांगितलं नाहीस. तुझ्या अडचणीचं नाव माझंच होतं, हे कोमलला कागदावर काढता आलं नसतं, पण तू तरी सांगायचंस.

मग आईने विचारलं, "तिना तुजा काय घेतला?"

मी बोलायला तोंड उघडलं. गाळा म्हणावा तर तो निम्मा माझ्या नावावर आहे. मसाला म्हणावा तर तू जाईपर्यंत त्यात मीठ किती हे मला विचारून घालायचीस. 

"मना सांगता येत नाय, तर रविवारी लोकांना काय सांगशील?" आई म्हणाली. "मी स्टेजवर येनार नाय. खाली बसून आयकेन."

जळवायला बसले होते आणि हे काय लिहून गेले. फाडणार होते, पण नथीचं पुन्हा कोण लिहील? पाठवते.

किशोरी


रोडपाली, १३ एप्रिल

झेबा,

कोणाकडून तरी तुला कळलंच असेल. माझ्याकडून ऐक.

हॉल भरला होता. मला हार घातला, शाल दिली. उदयसिंह बोलायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडी माझे शब्द आले. "मसाला कोळणीचा, मलई दुसऱ्यांची!" टाळ्या पडल्या. हो, माझे शब्द. मी तुला लिहिलं की तो मेसेज मी लिहिलेला नाही. लिहिला नव्हता. पण तो चहा पीत होता तेव्हा मी हे वाक्य बोलले होते, अगदी असंच, आणि बोलल्यावर मला ते आवडलंही होतं. पाटी मी खरवडली नाही, हे मात्र खरं आहे. पण खरवडलेली बघून मी रंगवूनही घेतली नाही.

तो म्हणत होता, आपली बहीण लुटली गेली. मागच्या रांगांतली पोरं उठून उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, त्यांच्या बायकांना गाळ्यावर पाऊल ठेवू देऊ नका. दुसरा म्हणाला, पनवेलच्या लाईन आळीतल्या त्यांच्या दुकानांतून काही घ्यायचं नाही. दारात हुस्नबानो उभी होती, तिच्यासोबत अजून दोघी. कामाचं काय होणार ते ऐकायला आल्या होत्या. एका पोराने त्यांच्याकडे बोट दाखवलं.  हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. मला हवं होतं तेच होतं. हॉलमधले सगळे बाण माझ्याकडे.

माझं नाव पुकारलं. भाषण लिहून दिलेलं होतं. पहिलं वाक्य होतं, 'माझ्यावर अन्याय झाला.' मी माईक धरला, तर समोर तिसऱ्या रांगेत आई, मांडीवर पिशवी घेऊन, ऐकायला बसलेली.

मी म्हणाले, "झेबाने माझं काय घेतलं ते सांगायला मी उभी आहे. मी आठवडाभर शोधते आहे. तिने माझं काहीच घेतलेलं नाही."

 उदयसिंह हळूच म्हणाला, "वहिनी, पुढचं वाचा."

मी म्हणाले, "बायका तिचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. मिरचीवाला तिला विचारतो. माझी आईसुद्धा तिच्याशी जास्त बोलते. मला तिचा हेवा वाटतो. माझ्या भांडणात दुसरं काही नाही. समाजाचं तर काहीच नाही."

 मग गोदूचा आवाज आला. तुला तिचा आवाज माहीत आहे. "आगं बये, येवढाच?" आणि ती हसली. तिच्या शेजारच्या हसल्या. मग सगळा हॉल, पुढच्या खुर्च्यांवरचे पुढारीसुद्धा. एक म्हातारा काठी टेकत उठला. "दोन बायकांचा हाय, तर आपन कशाला आलो? चला, वडे तरी गरम हायेत का बगू." उभी राहिलेली पोरं कुठे बघावं ते न कळून खाली बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडण मोठं होतं तोवर मीही मोठी होते. ते एवढंसं झालं आणि माझी शाल मला पडद्याएवढी मोठी वाटायला लागली. ती खुर्चीवर ठेवून मी उतरले. उदयसिंह जिन्यात म्हणाला, "तुम्ही समाजाला तोंडघशी पाडलंत, वहिनी. लक्षात राहील." राहीलच. नाक्यावरचा फोटो त्याच संध्याकाळी उतरवला, आणि त्याच्या ओळखीच्या दुकानांनी आपला मसाला घेणं थांबवलंय.

आईने रिक्षात फक्त एवढंच म्हटलं, "आता कसा सरल बोललंस." आणि पिशवीतून वडा काढून दिला.

कोमललाही फोन केला. म्हटलं, मी हो म्हणाले होते ते खोड. ती म्हणाली, "मग वादाचं कारण काय लिहू?" मी म्हटलं, हेवा लिही. ती म्हणाली, "किशोरीताई, माझ्या वर्गीकरणात हेवा नाहीये." मी म्हटलं, मग घाल.  मग म्हणाली, "तो कागद मी सगळ्यांसमोर लावायला नको होता." मी नाही म्हणाले नाही.

तुझ्याबद्दल फिरलेला तो मेसेज माझ्या तोंडचा होता, हे मी तुला सांगितलं. आता तू काय करायचं ते कर.

किशोरी


रोडपाली, २ मे

झेबा,

तू फोन केलास. आईला.

ती म्हणाली, मंगळवारी येते आहेस. आधी कारंजाला, मग गाळ्यावर. उलटं का नाही? असो. आईला माहीत आहे तेवढंच मला माहीत आहे, आणि तेही तिच्याकडून कळलं.

पाळ्या एक केल्या. पहिल्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पिंप रिकामं सापडलं आणि गोदू आणि हुस्नबानो एकमेकींवर नाव घेऊन ओरडल्या. मला इतकं बरं वाटलं की मी मध्ये पडले नाही.

पेंटरला बोलावून पाटी नव्याने करून घेतली. कोणाचं नाव आधी, त्याने विचारलं. मी म्हटलं, झेबाचं. तो डबा उघडेपर्यंत म्हटलं, नको, माझं. मग पुन्हा तुझं. तो वैतागून म्हणाला, "बाई, क आधी येतो का झ?" मग मी पेंटरचं ऐकलं.

गाळ्यावर शटर ओढून घेऊन बसू. बायकांना त्या दिवशी लवकर सोडते. तुला जे बोलायचं ते बोल.

किशोरी


रोडपाली, २ ऑगस्ट

झेबा,

तुझी पहिली सुकट मिळाली. म्हसळ्याच्या बायका पाखडतात बरं, पण पाकिटाचं तोंड नीट चिकटत नाहीये. मशीन जरा जास्त तापू दे. मी हे दोष काढायला लिहीत नाही. म्हणजे, थोडं दोष काढायलाही लिहिते आहे.

त्या मंगळवारी तू जे बोललीस ते मी रोज आठवते. "हेव्याला मी माफ करते, किशोरी. मलाही तुझा वाटतो, तुझी आई मला शिव्या देत नाही म्हणून. पण माझ्याबद्दल विचारलं आणि तू साखर ढवळत बसलीस, त्याला माफी नाही." मी रडले, तू रडली नाहीस. पाणीसुद्धा दिलं नाहीस, मीच उठून घेतलं. मला वाटलं होतं, तू किल्ल्या उचलशील आणि सगळं पहिल्यासारखं होईल. तू म्हणालीस, पनवेलला रोज त्या पाटीखालून आत जाणं तुला जमणार नाही. नवीन रंगाखाली खरवडलेलं दिसतं म्हणालीस. मला दिसत नाही, पण नाव माझं नव्हतं.

तेव्हा हेच बरं. तिकडे तू, इकडे मी, नाव एक, मसाला इथून, सुकट तिथून. यंदा मसाला कमी झाला. उदयसिंहने बंद केलेल्या दुकानांपैकी काहींनी परत चालू केलं, काहींनी नाही. वाशीचा मिरचीवाला आता मला 'झेबा मॅडमच्या पार्टनर' म्हणतो. नाव अजून आलेलं नाही. येईल.

आणि ऐक, अडचण आली की बायका आता हुस्नबानोकडे जातात. गोदूला सुट्टी हवी असली तरी आधी तिला विचारते, मग ती मला येऊन सांगते, "ताई, गोदूला उद्या नको." मी इथे बसलेली असते, समोर! हुस्नबानोला पगार वाढवून दिला, मुकादमीण केलं, आणि मग दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ताई, माझा पण हेवा का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं, मग चहा ठेवते."

आई बरी आहे. तुला माहीतच असेल.

कोमलचा फोन होता. वर्गीकरणात तिने एक रकाना वाढवलाय, तिच्या मॅडमना अजून पटलेला नाही. आता तिला आपल्या दोन गाळ्यांचं पुन्हा बघायचंय म्हणे, आणि ती आधी म्हसळ्याला येणार आहे. तुझ्याशी बोलून सगळं ठरलंय तिचं, मला नुसतं कळवलं. पापलेट मी यंदाही आणून ठेवणार आहे.

मुंबईहून म्हसळ्याला जाताना आधी पनवेल लागतं. तिला सांग.

किशोरी